लाकडी जमिनीच्या कडेने येणारा गार वारा कसा थांबवावा?

लीड्सकर_सध्या

नमस्कार. लीड्समधले आमचे घर १९०५ च्या सुमारास बांधलेले, रांगेतल्या घरांपैकी एक आहे. उन्हाळ्यात पुढच्या खोलीतला गालिचा काढून खालच्या पाइनच्या फळ्या घासून घेतल्या. त्या देखण्या झाल्या, पण नोव्हेंबर लागल्यापासून तिथे पाय टेकवत नाही. फळ्यांमधल्या फटी बारीक आहेत. भिंतीच्या कडेला, स्कर्टिंगखाली (म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या लाकडी पट्टीखाली) मात्र कुठे जेमतेम नाणे सरकेल एवढी, तर खिडकीखाली करंगळी जाईल एवढी फट आहे. काल देवापुढची उदबत्ती या कडेने फिरवली, तेव्हा धूर वर न चढता आडवा होऊन खोलीच्या मध्याकडे धावला. काम करायला आलेले गृहस्थ फुगणारा फोम भरून टाकू म्हणतात. बाहेर भिंतीच्या पायथ्याशी जाळीच्या विटा आहेत. हिवाळ्यापुरत्या त्याच बुजवल्या तर काम सोपे होणार नाही का?

सातासमुद्रापार

आम्ही जुन्या सुती साडीच्या सुरळ्या करून कडेने दाबून बसवल्या होत्या. एक हिवाळा निभावला. दुसऱ्या वर्षी त्यांना कसर लागली आणि सगळे उपसून काढावे लागले.

रंधा_आणि_पटाशी

जाळीच्या विटांना कृपया हात लावू नका. तुमच्या फळ्या ज्या आडव्या वाशांवर ठोकल्या आहेत, त्यांच्याखाली पोकळी आहे, आणि जमिनीतून वर येणारा ओलावा त्या विटांतून खेळणाऱ्या वाऱ्याने बाहेर जातो. वारा कोंडला की वाशांची भिंतीत रुतलेली टोके आधी दमट होतात, आणि लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरण्याचा धोका असतो. म्हणून पोकळीत वारा खेळू द्यायचा आणि तो खोलीत शिरतो ती वाट तेवढी बंद करायची.

आता कडेविषयी. स्कर्टिंग भिंतीला ठोकलेले असते, फळ्या मात्र उन्हाळ्याच्या दमट हवेत फुगतात आणि हिवाळ्यात हीटिंग सुरू झाले की आक्रसतात; त्यामुळे या दोहोंच्या मधली फट वर्षभर लहानमोठी होत राहते. फुगणारा फोम वाळला की ताठ होतो, एका बाजूने सुटतो आणि पॉलिश केलेल्या फळीवर सांडला तर खरवडताना पॉलिशही निघते. लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून केलेली लांबी, म्हणजे फट भरायचा लगदा, हीसुद्धा अशा जागी एखाद्या हिवाळ्यातच तडकते.

नाण्याएवढ्या फटीत लवचीक ॲक्रिलिक सीलंट, म्हणजे नळीतून पिळून फट बुजवायचा मऊ माल, पुरतो. फट सहा मिलिमीटरच्या पुढे असेल, तर आधी बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, फटीपेक्षा थोडी जाड निवडून बोथट पट्टीने आत दाबावी आणि तिच्यावर सीलंटचा पातळ थर द्यावा. दोरीमुळे सीलंट खाली पोकळीत गळत नाही आणि तळाला न चिकटता फक्त दोन बाजूंना धरतो, म्हणून ताणला तरी फाटत नाही. आधी ब्रश आणि व्हॅक्यूमने शंभर वर्षांची धूळ काढा, नाहीतर सीलंट लाकडाला न चिकटता धुळीलाच चिकटतो. फळीवर फटीच्या कडेने मास्किंग टेप लावा, ओल्या बोटाने थर गुळगुळीत करा आणि सीलंट ओला असतानाच टेप ओढून काढा. साधे सिलिकॉन टाळा, कारण त्यावर रंग बसत नाही.

हे काम थंडीतच करावे. आत्ता फटी रुंदावलेल्या असतात. पुढे फळ्या फुगल्या तर भरलेला माल नुसता दबेल. उन्हाळ्यात भरला, तर हिवाळ्यात तोच ताणला जाईल.

खिडकीखाली एवढी मोठी फट असेल, तर स्कर्टिंगच्या पायथ्याला पाव-गोल लाकडी पट्टी लावणे अधिक देखणे दिसेल. ती स्कर्टिंगलाच ठोका, फळीला नको. फळीला ठोकली तर फळी हलेल तशी पट्टीही हलेल. जुना रंग घासण्याची वेळ आली तर सावध राहा, इतक्या जुन्या घरांत रंगात शिसे असू शकते. कोरड्या सँडपेपरने तो मुळीच घासू नका.

तळघर_नाही

एक भर. खोलीत लाकूड जाळण्याची शेगडी किंवा गॅसची फायरप्लेस असेल, तर तिला लागणारी हवा काही अंशी याच फटींतून येत असते. त्यामुळे सगळे बुजवण्याआधी जाणकाराकडून वायुवीजन तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. शिवाय रेडिएटरचे पाइप फळीतून जिथे वर येतात, ती भोके पाहिलीत का? पाइपाभोवतीची गोल झाकणे नुसती शोभेची असतात, वारा अडवत नाहीत.

लीड्सकर_सध्या

सर्वांचे आभार. फायरप्लेस पूर्वीच बंद केलेली आहे, पण पाइपांचे म्हणणे अगदी खरे निघाले: झाकण उचलून उदबत्ती धरली, तर फुंकर मारावी तसे तिचे टोक लालभडक पेटले. फोमवाल्या गृहस्थांना नको म्हणून कळवले आहे. शनिवारी दोरी आणून खिडकीखालून सुरुवात करतो. गरम पाइपाभोवती ॲक्रिलिक चालेल का, एवढे कोणी सांगावे.

रंधा_आणि_पटाशी

रेडिएटरच्या पाइपांच्या तापमानाला बहुतेक ॲक्रिलिक सीलंट टिकतात, तरी सीलंटच्या नळीवर छापलेली तापमानाची मर्यादा वाचून घ्या. हीटिंग बंद करून पाइप गार झाल्यावरच भरा, आणि पूर्ण वाळेपर्यंत ते पुन्हा सुरू करू नका.