गोठलेल्या तळ्यावर चालायला निघालेल्या आपल्या पोरांना अडवावं का?

मांजराकाठचा (लातूर)

यंदा आपल्या भागातल्या ट्रेकिंग ग्रुपांच्या जाहिराती बघायलोय. "फेब्रुवारीत लडाख, गोठलेल्या पँगाँगवर चालण्याचा थरार!" पोस्टरवर एक पोरगा पांढऱ्या बर्फावर दोन्ही हात पसरून उभा. खाली फी, विमानाचं तिकीट वेगळं, थर्मल कपड्यांची यादी, लेहमध्ये हॉटेल कुठलं ते. बर्फाची जाडी कोण मोजणार, दोरी कोणाकडं असणार, एखादा आत गेला तर त्याला बाहेर कसं काढणार, यावर एक ओळसुद्धा नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लडाखला खुशाल जा, तळं काठावरून डोळे भरून बघा, पण त्यावर पाय ठेवू नका. आपण परभणीत पारा चार-पाच अंशांवर आला की पहाटे शेकोट्या पेटवणारी माणसं. बर्फ आपण पाहिला तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेल्या लादीचा. ज्या धोक्याची आपल्याला ओळखच नाही त्याच्यावर उभं राहून व्हिडिओ काढणं मला तरी साहस वाटत नाही. ग्रुपवाल्यांनी ही सहल बंद करावी आणि घरच्यांनी पोरांना अडवावं. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल खोडून काढा.

रानवाटा (बीड)

पटत नाही, म्हणून लिहितोय.

दादा, मी पँगाँगवर चालून आलोय, फेब्रुवारीतच. बर्फ पांढरा असतो हे फोटोपुरतं. वाऱ्यानं वरचं हिम उडून गेलं की खाली काळपट-निळी काच दिसते. तिच्यात पांढऱ्या रेघा आतवर गेलेल्या असतात, हवेचे बुडबुडे एकावर एक थर लावून गोठलेले असतात. गुडघ्यावर बसून बघितलं तर एकेक बुडबुडा मोजता येतो. आणि आवाज! ऊन चढायला लागलं की दूर कुठंतरी तडतडतं आणि तो आवाज पायाखालून सळकन् पलीकडं निघून जातो. माझ्या पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या क्षणी मी जेवढा जागा होतो तेवढा कधीच नव्हतो.

माझं आजोळ लातूरचं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आजीबरोबर टँकरच्या रांगेत मी घागरी धरून उभा होतो. अशा माणसाला चौदा हजार फुटांवर १३४ किलोमीटर लांबीचं तळं आपल्या पायाखाली घट्ट झालेलं बघायला मिळतं, त्याला तुम्ही "व्हिडिओ काढणं" म्हणता? आणि "आपल्याला ओळख नाही" हे कारण लावलं तर मराठवाड्यातल्या माणसानं समुद्रातही उतरू नये, कळसूबाईच्या पुढं डोंगरही चढू नये.

२० फेब्रुवारी २०२३ ला याच तळ्यावर काठच्या लुकुंग ते मान या गावांमध्ये २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन झालीय. माणसं धावली तिथं.

मांजराकाठचा (लातूर)

मॅरेथॉनचं उदाहरण माझ्याच बाजूनं जातं. तिथं मार्ग आधी तपासला होता, प्रशासन आणि लष्कर सोबत होतं, वैद्यकीय मदत होती. आपल्या पोस्टरवर काय आहे? "सोबत अनुभवी लीडर." कशाचा अनुभव, हरिश्चंद्रगडाचा?

श्रीनगरमध्ये डल लेक गोठला की तिथलं प्रशासन लोकांना सांगतं, वर चालू नका. जन्म काश्मिरात काढलेल्या माणसांना सांगावं लागतं. मग आपलं काय?

परभणीकर सर

मी भौतिकशास्त्र शिकवतो. कोणाच्या बाजूनं बोलायच्या आधी हे तळं गोठतं कसं ते सांगतो, कारण सगळा धोका त्यातच आहे.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तळं वरून गोठायला लागतं. हा बर्फ खालच्या पाण्याची ऊब अडवून धरतो. त्यामुळं तो जसजसा जाड होतो तसतशी त्याची वाढ मंदावते. त्यावर हिमाचा थर बसला तर आणखी मंदावते. म्हणजे जिथं भुसभुशीत हिम जास्त, तिथं खाली बर्फ पातळ असण्याचा संभव जास्त. आपल्याला मात्र उलटं वाटतं, की जास्त पांढरं म्हणजे जास्त पक्कं.

झरा लागतो तिथं, ओढा येऊन मिळतो तिथं, पाणी बाहेर पडतं तिथं, खडकाच्या आणि गवताच्या कडेला बर्फ पातळ असतो. एकाच तळ्यावर इथं एक फूट आणि वीस पावलांवर दोन इंच, असं होऊ शकतं. थंडी किती आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. भोक पाडून मोजल्याशिवाय जाडी कळत नाही आणि एकदा मोजून भागत नाही, चालता चालता मोजत राहावं लागतं.

गोड्या पाण्याच्या स्वच्छ, कठीण बर्फाला एका माणसासाठी किमान ४ इंच जाडी धरतात. दुधी पांढरा बर्फ असेल तर त्याची ताकद साधारण निम्मी, म्हणून जाडी दुप्पट हवी. हे आकडे पँगाँगला जसेच्या तसे लावू नका. तिथलं पाणी मचूळ आहे. खारट पाणी शून्याच्या खाली गोठतं आणि त्याचा बर्फ नरम असतो.

आवाजाबद्दल रानवाटा यांनी लिहिलं ते खरं आहे. तापमान बदललं की बर्फ आकसतो, पसरतो, त्याला तडे जातात. बर्फाच्या थरातून बारीक आवाज जाड आवाजापेक्षा लवकर पोचतो, म्हणून ती 'सळकन्' चिरक ऐकू येते. या आवाजानं बर्फ तुटणारच असं नाही. आणि आवाज आला नाही म्हणून तो पक्का आहे असंही नाही.

आणखी एक. एस्टोनियात गोठलेल्या समुद्रावरून बेटांवर जायला बर्फाचा रस्ता खुला करतात. तिथं सीटबेल्ट लावायला मनाई असते आणि ताशी २५ ते ४० किलोमीटर या वेगात गाडी चालवू देत नाहीत, कारण त्या वेगाला गाडीखालच्या पाण्यात उठणारी लाट बर्फ फोडू शकते. सांगायचं एवढंच, की या गोष्टीचे नियम आहेत आणि ते शिकता येतात. बंदी घाला म्हणणं मला पटत नाही. शिकवल्याशिवाय नेणं मात्र गुन्हाच मानतो.

नाथसागर (पैठण)

सर, तुमचं शास्त्र बरोबर असेल. मी पाण्यातून माणसं काढणाऱ्यांबरोबर काम करतो, माझं ऐका.

आपल्याकडं शेततळ्यात पोरं बुडतात ती खोलीमुळं कमी आणि कडेमुळं जास्त. तळाला, कडेला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. पोहता येणारा पोरगासुद्धा कडेला येतो, हात टाकतो, कागदावरून घसरतो, परत हात टाकतो. दहा वेळा घसरला की दम संपतो. मग दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. एका घरातले दोन-दोन गेलेले बघितलेत मी. बर्फाच्या भोकाची कड तशीच. ओली, गुळगुळीत, धरायला काही नाही, वर भार दिला की मोडत येणारी. आणि पाणी शून्य अंशाचं.

आमच्याकडं भोई समाजाची माणसं गोदावरीच्या डोहात उतरतात, गळ टाकतात, रात्र रात्र शोधतात. पँगाँगच्या बर्फाखाली कोण उतरणार? तुमच्या थरारापायी तिथल्या एखाद्या गरीब पोराला जीव धोक्यात घालावा लागेल, कारण तुम्ही त्याचे पाहुणे. ही गोष्ट कोणी बोलायला तयार नाही.

मी मांजराकाठच्या दादांच्या बाजूनं. बंद करा.

उदगीरची लेक (सध्या स्वीडन)

नाथसागर दादा, शेततळ्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, कारण इथं नेमकं त्याच कडेवर उपाय काढलाय. हिवाळ्यात तळ्यावर जाणारा माणूस गळ्यात दोन छोट्या मुठी अडकवून जातो. प्रत्येक मुठीला पुढं पोलादी टोक, आपल्या दाभणासारखं पण आखूड. दोन्ही मुठी दोरीनं जोडलेल्या, हनुवटीच्या खालीच असतात, म्हणजे बोटं बधिर व्हायच्या आत हाताला लागतात. पाण्यात पडलं की टोकं बर्फात रुतवायची आणि स्वतःला वर ओढायचं. पाठीवरच्या पिशवीत कोरडे कपडे, घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकमध्ये. त्यामुळं पिशवी तरंगते आणि माणसालाही उचलते. हातात टोकदार काठी, दर थोड्या पावलांनी बर्फावर मारून बघायला. आणि एकटं कोणी जात नाही.

इथल्या काही शाळांत पोरांना कपड्यांसकट बर्फाच्या भोकात उतरवतात. अंगाला दोरी बांधलेली असते, मास्तर काठावर असतात, पोरगं ओरडतं, धापा टाकतं आणि स्वतःच्या हातानं वर येतं. मीही ते केलंय. पाण्यात पडल्याबरोबर छाती आपोआप मोठा श्वास ओढते. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर तिथंच संपतं. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी याचा हिशेब सांगितलाय. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. माणसं पहिल्याच मिनिटात घाबरून मरतात, त्यांना वाटतं आता गोठलोच.

जिकडून आलात तिकडंच तोंड करायचं, कारण तिकडच्या बर्फानं तुम्हाला पेललेलं असतं. हात बर्फावर पसरायचे, पाय मागं जोरात मारायचे, अंग आडवं करून सरकायचं. बाहेर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं.

मराठवाड्यातली मुलगी हे शिकू शकते, मी शिकले. म्हणून "आपल्याला जमणार नाही" हे मला मान्य नाही.

मांजराकाठचा (लातूर)

ताई, तुम्ही तिथं राहता, शिकलात. आमची पोरं आठवड्याची सुट्टी काढून जायलेत. त्यातले पहिले दिवस लेहमध्ये श्वास जुळवण्यात जातात. शिकणार कधी?

आणि स्थानिकांच्या अनुभवावर सगळे टेकलेत, तर तेही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. जपानच्या सुवा तळ्याच्या गोठण्याच्या नोंदी देवळातले पुजारी १४४३ पासून ठेवत आलेत. आता ते तळं कित्येक हिवाळ्यांत पुरतं गोठतच नाही. आजोबांनी सांगितलेली वाट नातवाला उपयोगी पडेलच असं कुठंय?

फौजी (हिंगोली)

पूर्व लडाखात हिवाळा काढलाय. थोडक्यात लिहितो.

स्वीडनचं तळं आणि पँगाँग यात उंचीचा फरक आहे. चौदा हजार फुटांवर बुटाची नाडी बांधली तरी दम लागतो. जाड हातमोजे घालून दोरीची गाठ मारून बघा, आणि हातमोजे काढले तर बोटं किती वेळ चालतात तेही बघा. भिजलेला माणूस, वर वारा, आणि लेह दीडशे किलोमीटरच्या आसपास, मधे चांग ला खिंड. ती बर्फानं बंद असली की थांबा.

दुसऱ्याच्या पावलांचे ठसे किंवा गाडीच्या चाकोऱ्या बघून जाऊ नका. त्या सकाळच्या असतात, तुम्ही दुपारी पोचलेले असता. कडेचा बर्फ आधी सुटतो, त्यामुळं जाताना पेललेली कड येताना पेलेलच असं नाही. तिथला माणूस "आज नाही" म्हणाला तर वाद घालायचा नाही. आपले पर्यटक वाद घालतात, "एवढे पैसे भरलेत" म्हणतात. मी कानांनी ऐकलंय.

बंदी हवी असं मी म्हणणार नाही. पण ग्रुपचा लीडर आपल्याकडचाच असेल तर जाऊ नका.

रानवाटा (बीड)

फौजी दादा, हेच मी म्हणायलोय. आमच्या पुढं तिथला माणूस काठी आपटत चालला होता, आम्ही अंतर ठेवून एकामागं एक. एका जागी तो थांबला, काठी दोनदा मारली, काही न बोलता वळला आणि आम्ही सगळे वळलो. तिथं थांबून "का" असं विचारायचं नसतं हेही तिथंच शिकलो. घरात बसून हे कळलं नसतं. माणूस धोक्याशी नीट वागायला धोक्याजवळ जाऊनच शिकतो, आणि ज्या पोरांना सगळीकडून अडवलं जातं ती एक दिवस कोणाला न सांगता जातात. शेततळ्यात पोरं उतरतात ती चोरूनच ना?

गोदामाय (नांदेड)

माझीच लेक जायलीय, म्हणून हा सगळा वाद वाचला. तुमचं सगळ्यांचं वाचून काल त्या आयोजकाला फोन केला. विचारलं, बर्फ मोजायचं यंत्र कोणाकडं असतं? गळ्यात अडकवायच्या मुठी देता का? पुढं कोण चालतं? तो म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका, तिथं सगळेच चालतात." मी पैसे परत मागितले. लेक माझ्याशी बोलेना झालीय.

रानवाटा (बीड)

काकू, आयोजक बदला, लेकीचं जाणं नका थांबवू.

मांजराकाठचा (लातूर)

काकू, बरोबर केलंत. कोणाचं ऐकू नका.

पायवाट (नांदेड)

मीच ती लेक. आईनं धागा दाखवला, म्हणून खातं काढलं.

तो आयोजक मीही सोडला. फौजी काकांचं वाचून लेहमधल्या एका माणसाचा पत्ता मिळवला आणि बोलले. तो म्हणाला, "तुम्हाला तळ्यावर नेईन असं आत्ता सांगत नाही. तुम्ही या, लेहमध्ये राहा, मग त्या दिवशी बर्फ बघून सांगेन. कदाचित काठावरूनच परत यावं लागेल, पैसे तेवढेच." मला हे उत्तर आवडलं, आईला अजून नाही. उदगीरच्या ताई, त्या मुठी इथं कुठं मिळाल्या नाहीत. एक जोड पाठवाल का? पैसे देते.

उदगीरची लेक (सध्या स्वीडन)

दोन पाठवते, एक तुझ्या पुढं चालणाऱ्यासाठी. पण त्या हातात कशा धरायच्या ते आधी व्हिडिओ कॉलवर करून दाखवायचं मला, जाड हातमोजे घालून.

नाथसागर (पैठण)

बाई, माझं मत बदललेलं नाही, जाऊ नको असंच म्हणेन. पण जाणारच असशील तर एवढं सांग, पोहता येतं का?

पायवाट (नांदेड)

येतं काका. मामाच्या विहिरीत शिकले. कपड्यांसकट मात्र कधी पोहले नाही.

नाथसागर (पैठण)

मग ते आधी कर. विहिरीतच, कंबरेला दोर बांधून, मामा काठावर असताना. स्वेटर, जीन्स, बूट सगळं घालून.