मदत हवी आहे: बीएस६ डिझेल गाडीचा इंजिनचा दिवा मशीनने उडवला तरी परत येतोय (सोलापूर)

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. गाडी २०२१ ची, बीएस६, दीड लिटर डिझेल. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा "तुझी कंपनी भंगार, माझी भारी" यावरच संपतो.

मीटरमध्ये तीन दिवे आहेत. पिवळा इंजिनचा, त्याच्या शेजारी डब्यात ठिपके असलेला डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारी सायलेन्सरमधली जाळी), आणि स्प्रिंगसारखा वेटोळ्याचा, तो लुकलुकतोय. पिकअप पार गेलाय. ॲक्सिलरेटर दाबला तरी २५०० आरपीएमच्या वर जात नाही. आसरा पुलाच्या चढाला मागचे रिक्षावाले हॉर्न मारून बेजार करतात.

रोजचं चालणं जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, मध्ये नव्या पेठेत माल टाकायचा, संध्याकाळी घरी. म्हणजे सगळं गावातल्या गावात, एसी लावून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला.

एका गॅरेजवाल्याने मशीन लावून दिवे उडवले. दोन दिवस बरं, परत तेच. मित्र म्हणाला हायवेला पळव, आतली काजळी जळते. मोहोळपर्यंत जाऊन आलो, काही फरक नाही. सर्व्हिस सेंटरने सरळ डीपीएफ बदलायला सांगितलंय, आकडा लाखाच्या पुढे. दुसरा एक फिटर म्हणतोय, "मालक, आतली जाळीच काढून टाकतो, कटकटच नको." काय करू?

कुर्डुवाडीकर

बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा. माझ्या जुन्या गाडीचा दिवा असाच गेला होता.

डिझेलअण्णा

जुन्या गाडीचा गेला असेल हो. बीएस६ मध्ये वायर काढून घड्याळ आणि काचांचं सेटिंग जाईल फक्त, काजळीचा हिशोब ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, तसाच राहतो. आणि समजा दिवा गेला, तरी काय? दाराची बेल काढून ठेवली म्हणून वसुलीवाला परत जात नाही.

टॉवेलवाले, पहिला प्रश्न: दिवे उडवण्याआधी त्या गॅरेजवाल्याने मशीनवर दिसलेला बिघाडाचा कोड लिहून दिला का? कोड उडवला की त्याच्यासोबत साठवलेली माहितीही जाते. बिघाड झाला तेव्हा वेग किती, इंजिनचं तापमान किती, लोड किती, हे सगळं त्यात असतं. अर्धं निदान तिथेच असतं आणि आपले लोक आधी तेच पुसतात.

दुसरा: ऑइलची कांडी काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेलीय का? वास घ्या.

तिसरा: गाडीला युरियाची टाकी आहे का?

टॉवेलवाला

कोड दिला नाही, विचारलं तर "सेन्सरचं आहे" एवढंच. युरियाची टाकी नाही. ऑइल आत्ता बघितलं, वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे आणि डिझेलचा वास येतोय चक्क. मी तर वरून थेंबभर टाकलं नाही!

डिझेलअण्णा

वाटलंच. मग आधी एक गोष्ट ऐका, गाडी रेस करू नका आणि लांब नेऊ नका, ऑइल बदलेपर्यंत.

होतं काय, डीपीएफ भरत आला की ईसीयू सायलेन्सरमध्ये उष्णता वाढवायला सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतो. आत सुमारे ६०० अंशांपर्यंत तापमान गेलं की काजळी जळून जाते. त्याला रीजन म्हणतात. हे पूर्ण व्हायला पंधरा-वीस मिनिटं एकसारखं चालणं लागतं. तुमचं होतं काय, रीजन सुरू झालं की सात रस्त्याचा सिग्नल, पुढे पार्क चौक, मग नव्या पेठेत किल्ली बंद. अर्धवट राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि टर्बो खातं. पातळी फारच वाढली तर इंजिन तेच ऑइल ओढून स्वतःहून रेस व्हायला लागतं, मग किल्ली काढली तरी थांबत नाही. ते बघायची वेळ कुणावर येऊ नये.

नुसता डीपीएफचा दिवा असेल तर हायवेचा उपाय बरोबर आहे. पण सोबत इंजिनचा दिवा लागून पिकअप गेला, म्हणजे गाडीने रीजनला नकार दिलाय. तिथून पुढे मोहोळ काय, हैदराबादला गेलात तरी जळणार नाही. ती वेटोळ्याची खूण मूळची ग्लो प्लगची, म्हणजे गार इंजिन चालू करताना आत ऊब देणाऱ्या प्लगची, पण काही गाड्यांत ती लुकलुकली तर अर्थ इंजिनच्या कंट्रोलमध्ये बिघाड. ग्लो प्लग बदलत बसू नका.

आता नकार का दिला, ते शोधायचं. गाडीचे कोड मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथचा ओबीडी डोंगल मिळतो. स्टेअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावा, मोबाइलवर ॲप घ्या. साठलेले कोड बघाच, पण "पेंडिंग" नावाचा भागही उघडा, अजून पक्के न झालेले बिघाड तिथे असतात. काहीही उडवू नका. फोटो टाका.

विजापूररोडची

मध्येच बोलते. फिटर जाळी काढून देतो म्हणाला ना, तो नाद सोडा दादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करायला मनाई आहे, आणि पुढे गाडी विकताना गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकने बघितलं तर भाव पडतो तो वेगळा. आमच्या घरच्या गाडीत हे रामायण झालंय. जाळी काढल्यावर सॉफ्टवेअर नीट न जमल्याने दिवे आधीपेक्षा जास्त लागले!

टॉवेलवाला

डोंगल आणला. साठलेला कोड पी२४६३. पेंडिंगमध्ये पी०१२८. बाकी काही नाही.

डिझेलअण्णा

सापडलं की ओ! पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये काजळी जास्त साठली, ते तर माहीतच होतं. खरा चोर पी०१२८ आहे: कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचत नाही. इंजिन पुरतं गरम झालं नाही तर ईसीयू रीजन सुरूच करत नाही, झालंच तर अर्धवट सोडतो, बहुतेक गाड्यांत साधारण ७० अंशांच्या खाली नाहीच.

लाइव्ह डेटामध्ये कूलंट टेम्परेचर लावा, होटगी रोडला सावकाश एक चक्कर मारा आणि आकडा सांगा. शिवाय इंजिन बंद, किल्ली ऑन ठेवून डीपीएफचा डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे जाळीच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक, बघा. स्वस्त डोंगलला दिसेलच असं नाही, दिसला तर शून्याच्या आसपास हवा. नसेल तर सेन्सर किंवा त्याच्या रबरी नळ्या बघाव्या लागतील.

आणि मागच्या उन्हाळ्यात गाडी तापली होती का?

टॉवेलवाला

प्रेशर शून्य दाखवतोय. कूलंट सिग्नलला ७० पर्यंत जातं, गाडी पळायला लागली की ५८-६० वर उतरतं.

आणि हो, मे महिन्यात सैफुलच्या सिग्नलला काटा लाल पट्ट्यात गेला होता. तेव्हाच्या मिस्त्रीने "व्हॉल्व्ह काढलाय, आता सोलापूरच्या उन्हात पण तापणार नाही" म्हणून सांगितलं होतं. खरंच परत तापली नाही!

डिझेलअण्णा

तो व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गरम होईपर्यंत तो कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही, तो काढला की इंजिन गारच राहतं. जुन्या जीपगाड्यांत चालून जायचं हे, आपल्याकडे ४३-४४ अंशांत निम्मे मिस्त्री हेच करायचे. बीएस६ मध्ये याचा हिशोब डीपीएफला चुकवावा लागतो. सिग्नलला गरम आणि पळताना गार, ही त्याचीच खूण. तुमचा डीपीएफ खराब नाहीये, त्याला जळायला ऊबच मिळत नाहीये.

क्रम असा ठेवा. नवीन थर्मोस्टॅट, कंपनीने सांगितलेल्याच तापमानाचा. पण त्याआधी गाडी मुळात का तापली ते बघा, नाहीतर मेमध्ये परत तेच. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालता का? मग ऑइल आणि फिल्टर बदला, ग्रेड पुस्तकातलाच, डीपीएफला चालणारा कमी राखेचा. त्यानंतर स्कॅनरने फोर्स रीजन, म्हणजे गाडी उभी ठेवून मशीनने करवलेलं रीजन. हे स्वस्त डोंगलने करू नका, कंपनीच्या पातळीचं मशीन असलेल्याकडेच करा. तो आधी काजळीचा आकडा बघेल. फारच जास्त असेल तर जाळू नका, डीपीएफ उतरवून साफ करावा लागेल. भरगच्च भरलेला पेटवला तर आतली जाळी तडकते. कुणी म्हणाला "मशीनमध्ये नुसता काजळीचा आकडा शून्य करून देतो", तर तिथून उठून या.

रीजनला गाडी मोकळ्यावर उभी करा. शेडमध्ये नको, आणि तुमच्या टॉवेलच्या गठ्ठ्यांजवळ तर अजिबात नको. सायलेन्सरच्या खाली वाळलं गवत असलं तरी पेटतं.

टॉवेलवाला

काम झालं. हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅट नव्हताच, नुसतं रबर बसवलं होतं. रेडिएटर उतरवला, पाणी बोअरचंच होतं, नळ्यांच्या तोंडाशी पांढरी खर जमलेली, स्क्रू ड्रायव्हरने खरवडली तर पापुद्रे निघाले. साफ करून कूलंट भरलं. ऑइल बदललं. चिंचोळीच्या बाजूला मोकळ्या जागेत रीजन केलं, अर्धा तास पंखा फुल, आणि वास असा की विचारू नका. काजळीचा आकडा उतरल्यावरच त्याने कोड उडवले.

आता कूलंट ८५-८८ वर स्थिर. पिकअप आला, तिन्ही दिवे गेले. डीपीएफच्या निम्म्याच्याही निम्म्यात भागलं. अण्णा, एमआयडीसीत आलात तर कळवा, चादर तुमची.

बार्शीचा

माझी पण बीएस६ आहे आणि मी पण बोअरचंच पाणी घालतो. दिवा अजून नाही. लगेच काही करावं लागेल का?

डिझेलअण्णा

इंजिन गार असताना झाकण उघडून बघा. पाणी तांबूस असेल किंवा तोंडाशी खर दिसत असेल तर फ्लश करून कूलंट भरून घ्या, उन्हाळा लागायच्या आत. आणि त्या वेळी मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा, थर्मोस्टॅट परत आत गेला का ते डोळ्यांनी बघा.