मदत हवी आहे: जर्मन शाळेतली मुलं माझ्याशी इंग्रजी बोलतच नाहीत

नमस्कार मंडळी. पुण्याच्या मॅक्सम्यूलर भवनात जर्मन बी२ पर्यंत केलं, लग्नानंतर डॉर्टमुंडला आले. सप्टेंबरपासून जवळच्या ग्रुंडशूलेत, म्हणजे पहिली ते चौथीच्या शाळेत, इंग्रजीची सहाय्यक म्हणून जाते. चारित्र्याचा दाखला लगेच मिळाला, अडलं ते गोवराच्या लशीवर. १९७० नंतर जन्मलेल्यांना शाळेत काम करायचं तर दोन डोसांचा पुरावा लागतो. आईने साताऱ्याहून माझं पिवळं पडलेलं कार्ड पाठवलं, त्यावर एकच डोस! दुसरा इथे टोचून घेतला.

इथे नॉर्थ राइन-वेस्टफालियात २०२१-२२ पासून इंग्रजी तिसरीत सुरू होतं. त्यामुळे माझी तिसरीची पोरं अगदी कोरी आहेत, सगळा भर ऐकण्या-बोलण्यावर. वर्गाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, ‘तुम्हाला जर्मन येतं हे मुलांना कळू देऊ नका.’ तीन आठवडे निभावलं. मग मधल्या सुट्टीत एकाचा गुडघा फुटला आणि माझ्या तोंडून जर्मनच निघालं. संध्याकाळपर्यंत शाळाभर! आता मी काहीही विचारलं तरी उत्तर जर्मनमध्ये, वर डोळे मिचकावतात.

बाकी मजा पुष्कळ आहे. ‘व्हेअर इज द कॅट?’ विचारलं की ‘लुकास!’ असं उत्तर येतं, कारण जर्मन ‘वेअर’ म्हणजे कोण. आकड्यांचं तर बघाच. मी ‘फिफ्टी-थ्री’ म्हणाले. एका मुलाने पाच लिहिला तो उजव्या घरात, डावीकडे जागा सोडून, आणि ‘थ्री’ ऐकल्यावर तिथे तीन भरला. झाले ३५. जर्मनमध्ये आपल्या त्रेपन्नसारखं तीन आधी, पन्नास नंतर. बालभारतीच्या ‘पन्नास तीन’वरून आपल्याकडे २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला होता! तेव्हा मीही हसले होते. आता हसू येत नाही.

तर प्रश्न असा: जर्मन कळत नसल्याचं सोंग पुढे चालू ठेवू का? बाई म्हणतात ठेवा, मला ते खोटं वाटतं. आणि चोवीस मुलांना दहा मिनिटांत बोलतं करेल असा एखादा खेळ सुचवाल का? ‘सायमन सेज’ नको, त्यात फक्त मीच बोलते.

प्रतिसाद १
ताई, सोंग सोडा, पोरं तुमच्यापेक्षा हुशार आहेत. मी स्टुटगार्टजवळ चार वर्षं हेच काम केलं. हातात घालायची बाहुली न्या. जर्मन येत नाही ते बाहुलीला, तुम्हाला नाही! तिला काही सांगायचं तर इंग्रजीतूनच, आणि जर्मन ऐकलं की ती कानावर हात ठेवते. मुलांना सगळं ठाऊक असतं, तरी ती खेळतात. खेळासाठी बाहुलीची वस्तू लपवा आणि तिला विचारू द्या, ‘इज इट अंडर द चेअर?’ मग मुलं जोडी-जोडीने एकमेकांना विचारतील. तुमचं ते ‘व्हेअर’सुद्धा सुटेल.

धागाकर्ती
हे डोक्यातच आलं नव्हतं! खूप आभार. नवऱ्याचा एक बिनजोडीचा मोजा सापडला, बटणांचे डोळे शिवतेय. उद्या तिसऱ्या तासाला तिसरी ब. आकड्यांसाठी अजून काही असेल तर लिहा, त्रेपन्नवर अडलेय.