‘पॅरेंट कर’ला मराठीत काय म्हणायचं?

फिरकी:
आमच्याकडे एक नवीन मुलगा आलाय, त्याला ब्लेंडरमध्ये (थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) रिक्षाचा सीन दिला आणि म्हटलं पुढच्या चाकाला पॅरेंट कर. मला म्हणायचं होतं, चाक रिक्षाच्या बॉडीला जोड, म्हणजे बॉडी जाईल तिकडे चाक जाईल. केलं त्याने. मग चाक फिरवायला घेतलं तर अख्खी रिक्षा चाकाभोवती कोलांट्या मारायला लागली, कारण पठ्ठ्याने चाकालाच बाप करून टाकलेलं! ओरडलो त्याला, पण घरी येताना वाटलं की चूक माझ्या वाक्यातच आहे. ‘त्याला पाटील कर’ म्हटलं की तो पाटील होतो, पण ‘त्याला फोन कर’ म्हटल्यावर तो काही फोन होत नाही. मग ‘चाकाला पॅरेंट कर’ म्हणजे नक्की काय समजायचं? याला धड मराठी शब्द आहे का?

पाटीपेन्सिल:
पालक-पाल्य. शाळेच्या डायरीतली जोडी आहे, ‘आपला पाल्य वर्गात बोलतो’ वगैरे. जनक नको, कारण बॉडीने काही चाकाला जन्म दिलेला नाही, ती फक्त त्याला सांभाळते, आणि पाल्य म्हणजे ज्याला पाळायचं, सांभाळायचं तो. नियम पण बसतो बघा, एका पालकाला कितीही पाल्य चालतात पण पाल्याला एका वेळी पालक एकच. आजोबाला नातवाचं पोर करायला गेलात तर ब्लेंडर सरळ नाही म्हणतं.

फिरकी:
पालक म्हटलं की मला भाजीच दिसते. आणि नामाचं सोडा हो, माझं घोडं क्रियापदात अडलंय. ‘पालक कर’ म्हटलं तरी तोच घोळ.

माठवाला:
अख्ख्या साखळीला उतरंड म्हणा, शब्द तयार आहे. खालचं मडकं सरकवलं की वरची सगळी सरकतात, वरचं नुसतं फिरवलं तर खालच्याला काही होत नाही. फक्त आउटलायनरमध्ये (सीनमधल्या वस्तूंची यादी) मूळ वरती दिसतं आणि उतरंडीत मोठं मडकं तळाला, त्यामुळे उलटं वाचावं लागेल. शिवाय हल्ली उतरंड म्हटलं की लोकांच्या डोक्यात आधी जातच येते, ते एक आहेच.

दोरीवाला:
आणि ‘कळसूत्री’ कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, तो इथे बसत नाही. कळसूत्री बाहुलीचा पंजा दोरीने वर ओढला की कोपर आपोआप मागून येतं, म्हणजे ते आयके (इन्व्हर्स किनेमॅटिक्स, टोक हलवलं की मागचे सांधे आपोआप जुळतात) झालं. पॅरेंटमध्ये हालचाल वरून खाली जाते, खांदा फिरला की दंड, कोपर, पंजा सगळं बरोबर फिरतं, पण नुसती बोटं हलवली तर खांदा ढिम्म.

लेकुरवाळी:
एवढा काथ्याकूट कशाला, आपल्याकडे ‘कडेवर घेणे’ आहे की. आई जाईल तिकडे पोर जातं, वळली की वळतं, आणि कडेवर बसून स्वतःचे हातपाय हलवायला मोकळं. (खरं पोर लाथा मारून आईलाही हलवतं, पण तेवढं सॉफ्टवेअरला माफ.) ‘बॉडीच्या कडेवर चाक दे’ म्हटलं तर उलटा अर्थ कोण काढेल? शॉटमध्ये एकाच्या हातातला चेंडू दुसऱ्याच्या हातात जायचा असेल तर ‘चाइल्ड ऑफ’ कन्स्ट्रेंटचा (चालूबंद करता येणारी जोडणी) इन्फ्लुएन्स कीफ्रेम करतात, म्हणजे तिचा जोर ठरावीक फ्रेमला कमीजास्त करतात, ते म्हणजे या कडेवरून त्या कडेवर. आणि अनपॅरेंट म्हणजे खाली उतरवणे.

दोरीवाला:
वा, हे बेस्ट. फक्त उतरवताना अल्ट-पी दाबून साधं ‘क्लिअर पॅरेंट’ घेतलं तर आई मधे जेवढी चाललेली तेवढं पोर पुसून टाकतं आणि उडी मारून मागे जातं. जिथे आहे तिथेच उतरवायचं असेल तर ‘क्लिअर अँड कीप ट्रान्सफॉर्मेशन’. आणि कडेवर द्यायच्या आधी आईचं स्केल अप्लाय करा, म्हणजे तिचा आत्ताचा आकारच मूळ म्हणून पक्का करा. ती एकाच दिशेने ताणलेली असेल तर पोर फिरवलं की तिरकं, चेपल्यासारखं दिसतं. माझे दोन दिवस गेलेत यात, मी मॉडेललाच शिव्या घालत बसलेलो.

फिरकी:
ठरलं मग. त्याला पाठांतर पण देतो, ‘आधी पोरं, शेवटी आई’, म्हणजे आधी चाकं सिलेक्ट, सगळ्यात शेवटी बॉडी, मग कंट्रोल-पी. मायात (दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर) पण क्रम हाच, तिथे नुसतं पी. पण पुढच्या चाकाचं काय करू? ते हँडलबरोबर वळतं पण आणि गरागरा फिरतं पण, दोन्ही रोटेशन एकाच चाकावर टाकली की ते लंगडतं.

लेकुरवाळी:
मधे एक एम्प्टी (नुसता बिंदू, आकार नसलेली वस्तू) घाला की. आईच्या कडेवर ताई, ताईच्या कडेवर चाक. वळायचं काम ताईचं, फिरायचं चाकाचं. रेंडरमध्ये ताई दिसत नाही.

माठवाला:
घरोघरच्या ताईचं हेच.