तांब्याच्या जाळीत पाणी सोमवारी चढलं, गुरुवारी चढेना

पातळविक: मोबाईलच्या व्हेपर चेंबरसाठी (उष्णता पसरवणारी चपटी बंद डबी, आत थोडं पाणी) विक, म्हणजे पाणी आपोआप ओढून नेणारा सच्छिद्र थर, तपासतोय. अख्खा चेंबर ०.४ मिमीचा, त्यात विकच्या वाट्याला जेमतेम ०.१ मिमी, म्हणून २०० मेशची (इंचाला २०० तारा) तांब्याची जाळी घेतली. पट्टी उभी टांगायची, खालचं टोक पाण्यात आणि व्हिडिओ काढायचा, बस. सोमवारी पाणी सरसर वर गेलं, गुरुवारी तीच पट्टी, तेच पाणी, बोटभरही चढेना. जाळी खराब की मी?

ओलीचिंब: तीन दिवस पट्टी टेबलावर उघडीच होती ना? मग झालं. स्वच्छ तांब्यावर हवेतल्या सेंद्रिय वाफा बसतात, मग पाणी त्याला नीट चिकटत नाही. आता इथेनॉलमध्ये बुडवून बघा. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण तिसरा हिस्सा, त्यामुळे ते मळक्या तांब्यावरही पसरतं. इथेनॉल चढलं आणि पाणी अडलं तर जाळी ठीक, दोष पृष्ठभागाचा.

पातळविक: इथेनॉल चढलं! मग अ‍ॅसिटोन, पातळ अ‍ॅसिड, डिस्टिल्ड पाणी असं धुऊन लगेच टेस्ट केली, पाणीही चढलं. आता किती उंचीला पास म्हणायचं?

मेशवाला: उंचीच्या मागे कशाला लागताय? २०० मेशला दोन तारांच्या मध्यातलं अंतर १२७ मायक्रॉन, छिद्राची प्रभावी त्रिज्या त्याच्या निम्मी, म्हणजे पूर्ण ओली झाली तर हिशोबाने २३ सेंमी. फोन तेवढा लांब असतो का? खरी अडचण वेगळीच, छिद्र बारीक केलं की ओढ वाढते पण पाण्याला जायला वाटच राहत नाही, छिद्र निम्मं केलं तर ओढ दुप्पट आणि पारगम्यता (पाणी किती सहज वाहतं ते) साधारण चौथाई. म्हणून सुरुवातीच्या काही सेकंदांतला वेग मोजा, त्यातून पारगम्यता भागिले त्रिज्या हा आकडा निघतो आणि विक-विकची तुलना त्यावर करा.

ओलीचिंब: +१. आणि हे सगळं झाकणबंद भांड्यात करा हो, एवढ्या पातळ विकमध्ये पाणी असतं किती, वर पोचायच्या आत उडून जातं आणि आपण जाळीला नावं ठेवतो. शिवाय नुसती लोंबती जाळी आणि पत्र्यावर सिंटर केलेली (तापवून पक्की चिकटवलेली) जाळी यांचे आकडे जुळत नाहीत, कारण पत्रा आणि तारांच्या फटीतूनही पाणी पळतं. चेंबरमध्ये जशी बसणार तशीच तपासा.

पातळविक: माझं भांडं उघडंच होतं 🤦 आणि पट्टीही लोंबतीच. सोमवारचे आकडेसुद्धा फेकतो.