गौरी दर वर्षी निरनिराळ्या दिवशी का येतात?

ओसरी (प्रश्न):
आमच्या घरचा गणपती गौरींबरोबर जातो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी ‘आपला पाच दिवसांचा’ एवढेच सांगितले होते आणि त्याच हिशेबाने मी रजा काढत आले. २०२३ साली हिशेब जुळला. २०२४ साली विसर्जन सहाव्या दिवशी आले आणि २०२५ साली तर थेट सातव्या दिवशी, म्हणजे २७ ऑगस्टला बसलेला गणपती २ सप्टेंबरला उठला. त्या दिवशी मी कार्यालयात होते आणि दहीभाताचा नैवेद्य सासूबाईंनी एकटीनेच दाखवला. चतुर्थी ठरलेली असताना गौरींचा दिवस मागेपुढे का होतो, आणि त्याचा अंदाज आधी बांधता येतो का?

पंचांगवाचक:
गणपती तिथीवर बसतो आणि गौरी नक्षत्रावर येतात, हे त्याचे मूळ आहे. भाद्रपद शुक्ल पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन आणि मूळ नक्षत्रात विसर्जन करतात. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातील बारा-बारा अंशांचे अंतर. त्यामुळे चतुर्थीला चंद्र सूर्याच्या किती पुढे असेल हे ठरलेले असले, तरी तो कोणत्या नक्षत्रात असेल हे त्या वेळी सूर्य कोठे आहे यावर अवलंबून राहते. २०२५ प्रमाणे चतुर्थी ऑगस्टअखेरीस आली, तर चंद्र चित्रेच्या आसपास असतो आणि अनुराधेपर्यंत पोचायला त्याला चार दिवस लागतात. २०२३ साली अधिक श्रावणामुळे चतुर्थी १९ सप्टेंबरपर्यंत लांबली होती, चंद्र स्वातीपर्यंत आलेला होता आणि गौरी २१ तारखेलाच आल्या. चतुर्थी जितकी लवकर, तितका मुक्काम मोठा, असा ढोबळ अंदाज धरावा.

माजघर:
वरील खुलासा योग्य आहे, परंतु दिवसाबरोबर वेळही पाहावी. अनुराधा नक्षत्र कधी दुपारीच संपते, तर कधी दुपारनंतर लागते, म्हणून दिनदर्शिकेत आवाहनाची वेळ दिलेली असते आणि आम्ही तरी ती पाळतो. आमच्याकडे खड्यांच्या गौरी आहेत. पाणवठ्यावरून सात खडे आणि तेरड्याची रोपे घेऊन येणारी सून उंबऱ्याशी थांबते, तिच्या पायांवर दूध-पाणी घालतात आणि ती हळदीकुंकवाच्या पावलांवरून आत येते. मुखवट्यांच्या गौरी असलेल्या घरी साड्या नेसवण्यातच अर्धा दिवस जातो, हेही रजा काढताना लक्षात घ्यावे. पूजनाच्या दिवशीचे पुरण आणि सोळा भाज्या यांचे गणित तर वेगळेच! तिन्ही दिवस मोकळे ठेवता येत नसतील, तर माझ्या मते आवाहनाऐवजी पूजनाचा दिवस धरावा, कारण माहेरवाशिणी आणि सवाष्णी त्याच दिवशी जेवायला असतात.

ओसरी:
दोघांचेही आभार. सासूबाईंना हे वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पाच दिवसांचा म्हणजे गौरींबरोबरचा. त्यात मोजायचे काय?”