स्पायडरमॅनला कॉलेजात जाऊ द्या

स्पायडरमॅन शाळकरीच शोभतो, मोठा झाला की मजा जाते, असं बरेच जण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. कॉमिक्समध्ये तो १९६२ साली आला आणि १९६५ मध्ये शाळा संपवून कॉलेजात गेलासुद्धा. त्याला जन्म देणाऱ्या स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनीच त्याला पुढे नेलं.

२००४ च्या सिनेमात तो पिझ्झा पोचवतो, खोलीचं भाडं थकवतो, लेक्चरं बुडवतो. आमच्या लातुरात उदगीर-अहमदपूरकडून आलेली पोरं अशीच खोली करून राहतात. मेसचा डबा, भाडं, आणि सोयाबीनला भाव नाही हे माहीत असल्यावर घरी पैसे मागायला न रेटणारी जीभ. जबाबदारी खरी अंगावर येते ती या वयात. शाळेत असेपर्यंत त्याला वाढवणारी मे काकू असतेच सांभाळून घ्यायला.

म्हणूनच २०२१ च्या सिनेमाचा शेवट मला फार आवडला. ओळखणारं कुणी नाही, भाड्याची खोली, स्वतः शिवलेला पोशाख! पुढची गोष्ट इथूनच सांगावी. लग्न-संसाराची घाई मात्र नको; अठरा ते बावीस एवढ्या वयातच तीन सिनेमांचा ऐवज आहे.